चिंतेचं कारण नाही

बेल वाजली तेव्हा टीव्हीवर बोलणी फिसकटल्याची बातमी चालू होती, आणि अण्णांना दार उघडायची हिंमत होत नव्हती. बाहेर प्रमोदिनी असणार. शेजारच्या ब्लॉकमधली, साकेतची आई.

साकेत आणि अण्णांची नात ऋजुता, दोघंही परदेशात एकाच कॉलेजात डॉक्टरकी शिकत होते. नेमकं ते गाव फुटून निघालेल्या प्रांतात! प्रांत म्हणे आम्ही वेगळे, सरकार म्हणे तुम्ही आमचेच, आणि चार देशांचे मुत्सद्दी टेबलाभोवती बसलेले. आठवड्यातून एकच बस सीमारेषा ओलांडून विमानतळाकडे जायची. अण्णांचा उभा जन्म परराष्ट्र खात्यात गेलेला. असल्या बातमीचा अर्थ विचारायला अख्खा नौपाडा त्यांच्याकडेच यायचा.

गेल्या आठवड्यात वकिलातीतल्या केदारचा फोन आला होता. एके काळी तो अण्णांच्या हाताखाली होता. "सर, बोलणी आता नावापुरती आहेत. नातीला काढा. पण कुठे बोलू नका. घबराट पसरली तर उरलीसुरली चर्चाही मोडेल." अण्णांनी लगेच ऋजुताला कळवलं, "आजी अत्यवस्थ आहे, उद्याच्या बसने नीघ." खरं कारण तिलाही सांगितलं नाही. गुपित राखायची जन्माची सवय!

दुसऱ्याच दिवशी जिन्यात प्रमोदिनी भेटली. "अण्णा, साकेत गणपतीसाठी आज निघणार होता. आता म्हणतो, पुढच्या बसने येतो. थांबला तर चालेल ना हो?"

का थांबतोय, हे अण्णांनी विचारलं नाही. तोंडून सरकारी पत्रकातलं वाक्य निघालं, "चर्चा सुरू आहे. चिंतेचं कारण नाही." ती निर्धास्त होऊन भाजी आणायला गेली. आपला तो बाब्या म्हणतात, ते काही खोटं नाही.

ऋजुता सुखरूप आली. धडधाकट आजीला कणीक मळताना बघून ती मटकन खाली बसली, आणि मग तिने खोलीचं दार लावून घेतलं. तेव्हापासून ती आजोबांशी बोलत नव्हती. खोटं बोललो म्हणून रुसली असेल, असं अण्णांना वाटलं. काल सीमेवर गोळीबार सुरू झाला. बस बंद झाली.

बेल पुन्हा वाजली. त्यांनी दार उघडलं. प्रमोदिनीचे डोळे सुजलेले होते, आणि हातात शहाळं होतं.

"साकेतचा फोन लागला, अण्णा! सगळी मुलं तळघरात आहेत. पुढचं देव जाणे."

अण्णा काही बोलणार, तोच ऋजुताची आजी, मंदाकिनीबाई, पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"अगंबाई, काकू, तुम्ही उठलात कशाला?" प्रमोदिनीने पुढे होऊन त्यांना धरलं. "एवढ्या आजारी होतात आणि मला पत्ता नाही! मी आपली टीव्हीसमोरून हललेच नाही. हे शहाळं घ्या आधी."

मंदाकिनीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. अण्णांनी मान खाली घातली.

"साकेतने आधी तुमचीच चौकशी केली, काकू. त्या दिवशी बस भरली होती ना, म्हणून स्वतःची जागा त्याने ऋजुताला दिली. मला आज सांगतोय! म्हणाला, 'आई, आजी वाचल्या ना? मग माझी जागा सत्कारणी लागली.'"