नऊ नंबरचे हातमोजे

“सहा महिन्यांचं काम एका मिनिटात मातीमोल!” चौकशी समितीच्या अध्यक्षांनी कागद तिच्यापुढे सरकवला. “इथे सही करा.”

कारण आधीच छापलेलं होतं: हलगर्जीपणा. सही केली की ती प्रयोगातून बाहेर. तीन वर्षं जीव ओतून तिनेच उभा केलेला प्रयोग.

“बाटली सुटली, कारण हातमोजे मोठे आहेत,” ती म्हणाली. “नऊ नंबरचे. माझा हात सहा नंबरचा. तीनदा अर्ज दिलाय.”

हवाबंद काचेच्या पेटीला ते जाड रबरी हातमोजे कायमचे बसवलेले होते. बाहेरून त्यांत हात घालायचे आणि आतली पावडर हाताळायची. हवा लागली की ती पेट घेई.

“आता एका बाईसाठी वेगळा माल कुठे मागवत बसणार?” समितीतले खरेदी अधिकारी हसले. “आणि इतके दिवस कसं जमलं हो?”

“बोटांच्या टोकांत कापूस कोंबून.”

समितीतले तिसरे, सुरक्षा अधिकारी, बशीतलं बिस्किट उचलत म्हणाले,

“तो कापूस परवा तपासणीत मीच काढला. बाहेरची वस्तू चालत नाही. नियम आहे.”

“आणि पुन्हा घातलात तर पेटीला कुलूप लावीन, असंही म्हणालात.”

“म्हणालो असेन.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने कापूस उपटला तोच गृहस्थ मांडीवर मांडी टाकून तिची चौकशी करत होता, आणि वर बिस्किटं खात होता.

अध्यक्षांचा चेहरा मात्र एकदम उजळला. “अहो, मग प्रश्नच मिटला! कापूस घालायची तुम्हाला खास परवानगी देऊ. हलगर्जीपणा खोडून टाकू. तुमचं काम तुमच्याकडेच राहील.”

“उत्तम! मागवण्याची भानगडच नको,” खरेदी अधिकारी म्हणाले.

अध्यक्षांनी कारण खोडलं. खाली लिहिलं, ‘उपाय: कापूस.’ मग मोठ्या मनाने स्वतःचं पेन तिच्यापुढे धरलं.

तिने पेन घेतलं नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“तीन वर्षं कापूस कोंबून निभावून नेलं, ही माझी चूक. तेवढीच लिहा, साहेब. सही करते.”