सध्याचा वापर

काळ्या वाळूतलं खनिज काढायला कंपनीने परवाना मागितला होता. अर्जात ‘किनाऱ्याचा सध्याचा वापर’ या रकान्यात लिहिलं होतं: काही नाही.

“इथे तुम्ही मासळी सुकवता म्हणता,” पाहणीला आलेले अधिकारी म्हणाले. “मग कुणाची जागा कुठली, त्याची नोंद दाखवा.”

“नोंद कसली, सायब?” मथुराबाईने बायकांना हाक मारली.

चाळीस बायका आल्या आणि न मोजता, न विचारता आपापल्या जागी उभ्या राहिल्या. मधली एक जागा तशीच राहिली.

“ही तरी रिकामीच आहे,” अधिकारी म्हणाले.

“माझ्या सुनेची ती. बाळंतीण आहे. सव्वा महिना झाला की येईल.”

जीपकडे परतताना अधिकारी त्या जागेला वळसा घालून गेले.