विमानाने पावणेदोन तास

हेमकांत पॅरिसला, त्याची बहीण मयूरी बर्लिनला. मध्ये विमानाचे पावणेदोन तास. आमच्या प्रकाशा गावाहून धुळ्याची एसटी याहून जास्त वेळ खाते. पण ज्या केळीच्या मळ्यात दोघंही कधी पाय ठेवणार नाहीत, त्याच्यावरून भांडली आणि एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली. आई मीनाबाई फोनवर मुलीला सांगायची, "दादा तुन्ही याद काढस." मुलाला सांगायची, "मयू तुन्ही याद काढस."

मीनाबाईच्या दहाव्याला, तापीकाठी, मयूरी भावाजवळ सरकली. "दादा, तू मन्ही याद काढे. आई सांगे."

"मी? कधीच नही. तूच काढे ना मन्ही?"

"नही."

तेराव्यानंतर मुंबईच्या विमानतळाला गावातून दोन गाड्या निघाल्या. दोन्हींत एकेकच माणूस होतं.