समोर उभं राहून दिलेली गोळी

“तोंड उघड,” मुलगा म्हणाला. “जीभ वर कर.”

आईने तोंड उघडलं, जीभ वर केली. गोळी गिळलेली होती. मग तिने पाण्याचा पेला टेबलावर असा आपटला की पाणी त्याच्या शर्टावर उडालं.

“झालं समाधान? आता किल्ली दे.”

गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती. गोळी पोटात गेल्याशिवाय ती मिळायची नाही, असा त्याने नियमच केला होता. आई ड्रायव्हिंग शाळा चालवायची. गावातली निम्मी माणसं तिची बोलणी खाऊन गाडी शिकली होती. शेजारच्या सीटवर बसून, जादा ब्रेकवर पाय ठेवून, ती भल्याभल्यांना सरळ करायची. वर्षभरापूर्वी अशाच एका शिकवणीत तिचं हृदय अचानक सुसाट धावायला लागलं. हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांनी ही गोळी दिली. धावणं थांबलं, आई पुन्हा गाडीत बसली आणि मुलाच्या जिवात जीव आला.

मग तिचं भलतंच सुरू झालं. “गोळी घेतली की डोळ्यांपुढे अंधारी येते,” ती म्हणायची. “चालत्या गाडीचं इंजिन बंद पडावं तसं होतं.” एकदा ती त्याच डॉक्टरांकडे जाऊनही आली. त्यांनी नाडी पाहिली, वयोमानाने होतं असं म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मुलालाही ते पटलं. औषध टाळायला माणसाला काहीही निमित्त पुरतं, हे त्याने घरातच पाहिलं होतं. वडिलांनी रक्तदाबाच्या गोळ्या अशाच सोडल्या होत्या, आणि एका सकाळी दाढी करता करता ते आरशासमोर कोसळले होते.

म्हणूनच गेल्या आठवड्यात गाडी पुसायच्या फडक्यात आईने लपवलेल्या गोळ्या सापडल्या, तेव्हा त्याचं डोकं फिरलं.

“दुसऱ्यांच्या लेकीसुनांना घेऊन रस्त्यावर जातेस, आणि गोळ्या फडक्यात बांधून ठेवतेस? लाज नाही वाटत?”

“त्या सोडल्यापासून मला बरं वाटतंय. अंधारी यायची थांबली.”

“तू डॉक्टर आहेस?”

“नाही. पण शरीर माझं आहे ना? की तेही तूच ठेवून घेणार?”

त्याने तेव्हाच किल्ली काढून घेतली. आई चरफडली, दोन दिवस बोलली नाही, पण शिकवणी सोडणं तिला जमणारं नव्हतं. ती रोज त्याच्यासमोर तोंड उघडू लागली.

आजही त्याने किल्ली टेबलावर टाकली. ती उचलून, मागे न बघता, आई निघून गेली.

दुपारच्या आत फोन आला. गाडी शिकणारी बाई रडत होती. “उतारावर होतो हो आम्ही. क्लच दाबा म्हणता म्हणता बाईंची मान पडली. मी हँडब्रेक ओढला आणि लोकांना हाका मारल्या.”

तो धावतपळत दवाखान्यात पोचला. आतून एक तरुण डॉक्टरीण कपाळ पुसत बाहेर आली.

“शॉक द्यावा लागला. आता शुद्धीवर येताहेत. त्यांना कुठल्या गोळ्या चालू आहेत?”

त्याने खिशातलं गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. भीतीने त्याचा आवाज उगाचच चढला होता. “गोळी चुकली असं मात्र म्हणू नका. मी स्वतः समोर उभा राहून देतो. आज सकाळीही दिलीय.”

तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. “हीच बंद करायची आहे,” ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. मग तिने शांतपणे सांगितलं. पुष्कळांना ही गोळी चांगली लागू पडते. थोड्या जणांवर मात्र उलटते. एक धावणं थांबवते आणि त्याहून वाईट असं दुसरं सुरू करते. म्हणून ती दिल्यावर ईसीजी काढून लक्ष ठेवायचं असतं.

“आणि अंधारी येणं ही त्याची मोठी खूण,” ती म्हणाली. “त्यांनी कधी तक्रार केली नाही?”

तो व्हरांड्यात गेला. तिथल्या बाकावर त्याने अशी लाथ मारली की रखवालदार धावत आला. कुणाचा तरी गळा धरावा असं त्याला वाटत होतं. नाडी पाहून हाकलणाऱ्या त्या माणसाचा. पण जीभ वर कर म्हणणारा आवाज काही त्या माणसाचा नव्हता.

संध्याकाळी तेच मोठे डॉक्टर फेरीवर आले. आई उशीला टेकून बसली होती, छातीवर वायरी चिकटवलेल्या. ती दिवसभर मुलाशी एक अक्षर बोलली नव्हती. गोळ्या मध्ये सोडल्याचं तिने डॉक्टरिणीला सांगितलं होतं, ते फाइलमध्ये आलं होतं. डॉक्टरांनी फाइलमधून डोकं वर काढलं नाही.

“मध्येच गोळ्या बंद, मग परस्पर सुरू. अशी मनमानी केल्यावर दुसरं काय होणार? परत सुरू करायला कुणी सांगितलं होतं?”

मुलगा पुढे झाला.

“कुणी नाही,” आई म्हणाली. शिकाऊ माणसाने कुठे गाडी घासली की भांडायला आलेल्याशी ती याच आवाजात बोलायची. “मीच घेतल्या. तो बिचारा नको म्हणत होता.”

डॉक्टरांनी सुटल्यासारखी मान हलवली आणि लिहायला घेतलं.

मुलाने त्यांच्या पेनावर हात ठेवला. “खरं लिहा,” तो म्हणाला. “अंधारी येते हे तिने तुम्हाला सांगितलं होतं आणि मलाही. तुम्ही तिला घरी पाठवलं, आणि मी तिचं तोंड उघडलं.”