वेखंडाचं बोट

"आई, मला तहान लागली आहे. कोमट पाणी दे," नभाच्या गळ्यातला मणी म्हणाला. दोन वर्षांच्या नभाचे ओठ मात्र मिटलेलेच होते.

केतकीला आताशा त्या मण्याचा रागच यायचा. लेकीच्या मनात काही आलं रे आलं, की हा मेला खणखणीत आवाजात बोलून मोकळा! हल्ली सगळ्याच मुलांच्या गळ्यात मणी. मग बोबडं बोलायचं कुणी आणि कशाला?

आज तिने मणी काढून पाटावर ठेवला. सहाणेवर वेखंड उगाळलं आणि नभाच्या जिभेला बोटाने चाटवलं. जीभ सुटावी म्हणून तिच्या आईनेही तिला असंच चाटवलं होतं.

"म्हण, आ... ई."

नभाने तोंड वाकडं केलं.

"नुसतं 'आ' म्हण गं, राणी. चुकलं तरी चालेल."

नभा टुकुटुकु बघत राहिली. केतकीला हुंदका आवरेना. तिला पुढे बोलताच येईना.

तशी नभा दुडुदुडु पाटाकडे गेली. मणी उचलून आईच्या मांडीवर चढली, तो तिच्या गळ्याशी धरला आणि आईला काय हवंय ते ऐकायला कान लावून बसली.