दात दिसणारा चेहरा

"मास्तर, तिला सांगा, कोटाचं अस्तर आखूड पडलंय."

"धाकट्या ताई, अस्तर आखूड पडलंय."

"ऐकू आलं मला. तिला सांगा, अस्तर तुम्ही बेतलंय, मी नाही."

मास्तरांनी कात्री टेबलावर आपटली. तिघंही एकाच खोलीत बसलेली. दोघी बहिणींची शिलाई मशीनं समोरासमोर, एकीच्या पायाचा वारा दुसरीला लागावा इतकी जवळ. आणि निरोप मात्र मास्तरांमार्फत. कापड बेतता बेतता त्यांचे केस पांढरे झाले होते, पण म्हातारपणी पोस्टमनची नोकरी लागेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

एरवी या बहिणींचं सगळं जोडीनं. मशीनं सारखी, चष्म्याच्या दोऱ्या सारख्या, फोनची फुलाफुलांची कव्हरंही सारखी. आणि भांडण झालं ते नखाएवढ्या एका पिवळ्या चेहऱ्यावरून.

थोरलीचा हात थरथरायला लागला होता. ती लपवत होती. मग एका गिऱ्हाइकाचा कोट तिच्या हातून बिघडला, जन्मात पहिल्यांदा. तोंडानं सांगवेना, म्हणून घरी गेल्यावर तिनं बहिणीला फोनवर लिहिलं, 'हाताला कंप सुटलाय. कोट बिघडला माझ्याकडून.' उत्तरात धाकटीचा शब्द एकही नाही. नुसता एक चेहरा आला, डोळे मिटून बत्तिशी काढणारा.

धाकटीची शिवण थोरलीनं आयुष्यभर उसवायला लावली होती, हेही खरं. पण म्हणून हसावं? थोरलीनं बोलणं टाकलं. धाकटीनं 'का' म्हणून विचारलं नाही. आता शनिवारी थोरलीचं मशीन हलणार होतं, म्हणजे दुकानच मोडणार होतं. मास्तर कुणाच्या वाट्याला जाणार, हे त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

वैतागून त्यांनी घरी सुनेपुढे सगळं ओकलं. सून हसली.

"बाबा, चेहरा जातो असं आपल्याला वाटतं. जातो नुसता त्याचा नंबर. पलीकडचा फोन तो नंबर बघतो आणि आपल्या कंपनीनं काढून ठेवलेलं चित्र दाखवतो. प्रत्येक कंपनीचा चित्रकार वेगळा."

तिनं तोच चेहरा त्यांना पाठवला. मास्तरांच्या फोनवर तो खदाखदा हसत होता. सुनेच्या फोनवर त्यानं दातावर दात आवळले होते, बोटात सुई घुसल्यावर माणूस आवळतो तसे.

"हे आधी नाही का सांगायचं?"

"आधी विचारलंत कुठे?"

दुसऱ्या दिवशी थोरली डॉक्टरकडे गेली होती, म्हणून मास्तरांनी आधी धाकटीलाच गाठलं. ती बॉबिन भरत होती.

"म्हणजे मी पाठवला एक आणि तिला दिसला दुसराच?"

"तेच तर डोकं फोडून सांगतोय!"

तिनं अर्धवट भरलेली बॉबिन काढून ठेवली. "तुमच्या सुनेचा फोन कुठला हो, मास्तर?"

"मला काय ठाऊक! काळा आहे. तिला विचारा हवं तर. मुद्दा तो नाही. उद्या दोन्ही फोन शेजारी ठेवा, मिटलं."

"उद्या नाही मी. दाढ दाखवायला जायचंय."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. घर जळतंय आणि हिला दाढ सुचतेय!

शनिवारी हमाल दारात येऊन उभे राहिले तेव्हा मास्तर मशीनवर पालथे पडायचेच बाकी होते. "आधी दोघींनी फोन काढा. नाहीतर हे मशीन माझ्या अंगावरून न्या."

"मास्तर, तमाशा नको," थोरली म्हणाली, पण फोन तिनं ठेवला. धाकटीनं पिशवीतून आपला काढला. तेच फुलाफुलांचं कव्हर, कॅमेऱ्यापाशी जरा ओढल्यासारखं. मास्तरांनी तो निरोप शोधून दोन्ही फोन शेजारी मांडले.

थोरलीच्या फोनवर हसू. धाकटीच्या फोनवर आवळलेले दात.

"बघा! ही तुमच्यासाठी कळवळली, आणि तुम्हाला वाटलं दात काढले!"

थोरलीनं धाकटीचा फोन हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. कव्हरच्या कडेवरून अंगठा फिरवला. हाताची थरथर दिसत होती, या वेळी तिनं लपवली नाही. मग बहिणीकडे पाहिलं. धाकटीची मान खाली.

"वेडे," थोरली म्हणाली, "चेहरा कशाला पाठवायचा? दोन शब्द लिहायचे होतेस."

"चुकलं, ताई," म्हणून धाकटीनं जे रडायला सुरुवात केली, ते हमालांनाही कुठे बघावं कळेना. "बारीक काम सगळं मी करीन. तू नुसतं उसवायला सांगत जा."

"ते काय, सांगणारच आहे."

हमालांना चहा पाजून परत पाठवलं. धाकटी कप विसळायला मागे गेली, तशी मास्तरांनी छाती फुगवली.

"एवढ्याशा गोष्टीपायी महिनाभर माझा जीव खाल्लात. आणि दोष कुणाचाच नाही! फोनच वेगवेगळे, त्याला कोण काय करणार?"

थोरली सुईत दोरा ओवू पाहत होती. ओवला जाईना. तिनं सुई मास्तरांपुढे धरली आणि आवाज खाली आणला.

"तिला कळू देऊ नका, मास्तर. पण जन्मभर मापं घेतली मी. ते कव्हर त्या फोनच्या मापाचं नाही. ज्या फोनच्या मापाचं आहे, तो महिन्यापूर्वी तिच्या हातात होता, आणि तो आम्ही दोघींनी एकाच दुकानातून, एकसारखाच घेतला होता."