मागची ठकठक

मुलगा सकाळी गाडी सर्व्हिसिंगला टाकून गेला आणि दुपारी त्याची म्हातारी आई काठी टेकत गॅरेजमध्ये हजर.

"गाडीच्या मागून ठकठक येते हो. कुठल्याच मेकॅनिकला सापडत नाही म्हणे. माझ्या पाठीला ते दणके सोसायचे नाहीत, म्हणून मुलगा मला कुठे नेत नाही. फार जपतो मला!"

मागे वजन असल्याशिवाय असला आवाज पकडता येत नाही. मेकॅनिकने तिलाच मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून नेली. दर दणक्याला ओठ दाबून कळ सोसत ती सांगत होती, "डावीकडे... आतासुद्धा डावीकडेच."

मागच्या डाव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा नट ढिला निघाला. पान्याने आवळला, पुन्हा चक्कर मारली. गाडी गप्प! म्हातारीला मात्र किती बोलू नि किती नको असं झालं. "आता मुलीचं घर बघायला जाईन हो!"

संध्याकाळी मुलगा गाडी न्यायला आला, तेव्हा मेकॅनिकने मोठ्या कौतुकाने त्याला सगळं सांगितलं. ऐकून मुलाने मागच्या डाव्या चाकाकडे बोट दाखवलं.

 

"किती आटे आवळलेत? तेवढेच परत ढिले करा."